सायलोतली शीग: माल न उतरवता वजन कसं काढायचं

महिनाअखेर आली की आमच्या मिलमध्ये दिवसभर एकच प्रश्न फिरत असतो. मालक मराठीत विचारतात, "सायलोत किती शिल्लक आहे?" ट्रकवाले आणि हमाल कन्नडमधून विचारतात, "एष्ट ऐत्री?" गोडाऊनमधल्या पोत्यांचं उत्तर सोपं असतं. थप्प्या मोजायच्या, पोत्याच्या वजनानं गुणायचं, झालं. सायलोतला मका मात्र सुटा. चारी बाजूंनी पत्रा, वर छप्पर, खाली निमुळता हॉपर, आणि तो अख्खा उचलून काट्यावर काही ठेवता येत नाही.

मी बेळगावजवळ कोंबडीखाद्याच्या मिलमध्ये स्टोअर बघतो. मका आमच्याकडे गोकाक, सौंदत्ती, अथणी या बाजूनं येतो. खाली जी रीत सांगतोय ती डाळ मिलला चालेल, शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामाला चालेल, गोठ्याशेजारच्या खाद्याच्या टाकीलाही चालेल. एक टेप, एक ओळंबा, एक बादली आणि मोबाइलवर उघडणारी एक्सेलसारखी एक शीट एवढ्यावर भागतं.

रीत तशी जुनीच आहे. आपल्या आज्या धान्य पायलीनं मोजायच्या. शेर आणि पायली ही धान्याची मापं वजनाची नव्हती, आकारमानाची होती. भांडं किती भरलं ते बघायचं. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक वजनं-मापं आली आणि बाजार किलो-क्विंटलवर गेला, तरी खानापूरकडच्या कितीतरी घरांत पायली अजून फडताळात सापडेल. पायली भरताना धान्याचा काठावर जो टोकदार ढीग उभा राहतो त्याला आपण शीग म्हणतो. शीग लावून दिलं की शीग उतरवून दिलं यावरून भांडणं व्हायची, कारण त्या टोपीतही धान्य असतं. सायलो म्हणजे एक प्रचंड पायलीच आहे. तिला वर शीग आहे आणि तळ सपाट नसून निमुळता आहे, एवढाच फरक. या दोन्ही गोष्टी हिशेबात धरल्या की काम झालं.

वजन म्हणजे आकारमान गुणिले घनता. एका घनमीटरमध्ये, म्हणजे हजार लिटरमध्ये, सुटा मका साधारण ७२० किलो बसतो. गहू आणि सोयाबीन ७७० च्या आसपास, भात ५८० च्या आसपास. हे आकडे कोरड्या, स्वच्छ मालाचे आहेत. घनतेकडे नंतर परत येऊ, आधी आकारमान काढू.

आमचा एक सायलो उदाहरणाला घेतो. आतला व्यास ५ मीटर, सरळ भिंतीची उंची ८ मीटर, खाली ४५ अंशांचा हॉपर. व्यास टेपनं आडवा मोजायला जाऊ नका, टेप मधे झुकतो. बाहेरून घेर मोजा आणि ३.१४१६ नं भागा. व्यासाची चूक हिशेबात दुप्पट होऊन येते, कारण त्रिज्येचा वर्ग होतो. म्हणून हे काम एकदाच करायचं, पण दोघांनी मिळून, दोन वेगवेगळ्या उंचींवर करायचं. आपल्या सायलोचं वर्तुळ १९.६३५ चौरस मीटरचं. ही संख्या पुढे सारखी लागणार आहे. तिच्यावरून कळतं की मका एक सेंटिमीटर वर-खाली झाला की १४१ किलोंचा फरक पडतो.

आता माल तीन तुकड्यांत बघा.

पहिला तुकडा हॉपर. हा उलटा शंकू: वर्तुळ गुणिले उंची भागिले ३. उंची २.५ मीटर धरली तर १६.३६ घनमीटर. खालचं तोंड कापलेलं असतं, पण ४० सेंटिमीटरचं तोंड असेल तर कमी होतात जेमतेम आठ लिटर. ते सोडून द्या. भरलेला हॉपर म्हणजे पावणेबारा टन मका. इथं नजर फार फसते. "अर्धा हॉपर हाय की अजून," असं खालून ठोकून सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, पत्र्याचा आवाज अर्ध्यावरच बदललेला असतो. पण शंकू खाली निमुळता होत जातो, त्यामुळे अर्ध्या उंचीपर्यंत माल असला तर आकारमान अर्धं राहत नाही, एक अष्टमांश राहतं. सहा टन वाटतात तिथे असतो दीड टन. दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर मक्यावाचून बंद पडतो तो याच समजुतीमुळे. शीटमध्ये यासाठी 'जर' लावावा लागतो: माल सरळ भिंतीपर्यंत आला असेल तर एक सूत्र, फक्त हॉपरमध्ये असेल तर उंचीच्या गुणोत्तराचा घन करणारं दुसरं.

दुसरा तुकडा सरळ भिंतीचा नळकांडा. छताच्या कडेच्या झाकणातून भिंतीलगत ओळंबा सोडायचा. मक्याला टेकला की दोरी ढिली पडते, तिथे चिमटीत धरून वर ओढायची आणि मोजायची. समजा भिंतीच्या वरच्या कडेपासून मका २.६० मीटर खाली लागला. म्हणजे भिंतीलगत मक्याची उंची ५.४० मीटर, आकारमान १०६.०३ घनमीटर. लेझरचं यंत्रही मिळतं, पण आत धूळ तरंगत असली तर त्याचं रीडिंग भरवशाचं राहत नाही. मला गवंड्याचा ओळंबाच बरा वाटतो. फक्त त्याचं टोक मक्यात घुसतं, म्हणून खाली एक चपटी चकती बांधा.

तिसरा तुकडा शीग. मधल्या नळीतून मका पडतो आणि मधोमध डोंगर होतो. त्याचा उतार किती, हे ज्या-त्या धान्यावर ठरतं. त्या कोनाला विराम कोन म्हणतात. कोरडा मका घरंगळतो, त्याची शीग बसकी होते. ओला मका एकमेकाला धरून राहतो, त्याची शीग उभी होते. पुस्तकातला आकडा घेण्यापेक्षा फरशीवर पोतंभर मका एका जागी ओता, ढिगाची उंची आणि तळाचा घेर मोजा, कोन निघतो. आमच्याकडे २२ अंश निघाला. २२ अंशांचा टॅन्जंट ०.४०४, त्याला २.५ नं गुणलं की शिगेची उंची १.०१ मीटर. आकारमान ६.६१ घनमीटर, वजन पावणेपाच टन.

तिन्ही मिळून १२९ घनमीटर. ७२० नं गुणलं की सुमारे ९२.९ टन.

इथं शीटचा एक सापळा आहे. त्यानं एका माणसाची झोप उडवली होती, म्हणून तो नीट सांगतो. एक्सेल असो, गूगल शीट असो की लिब्रेऑफिस, त्यांचं टॅन हे फंक्शन कोन अंशांत घेत नाही, रेडियनमध्ये घेतं (कोन मोजायचं दुसरं एकक, १८० अंश म्हणजे पाय रेडियन). तुम्ही कंसात सरळ २२ लिहिलं तर ते २२ रेडियन समजतं. आता गंमत बघा: शाळेत आपण पायची (π) किंमत २२ भागिले ७ शिकलो. म्हणजे २२ हा आकडा जवळजवळ ७ पाय इतका आहे, आणि पायच्या कुठल्याही पूर्ण पटीचा टॅन्जंट शून्य असतो. त्यामुळे शीट उत्तर देतं ०.००८८५. एक मीटर उंचीची शीग होते सव्वादोन सेंटिमीटरची. लाल खूण येत नाही, एरर येत नाही, उत्तर वेडंवाकडं दिसत नाही. पावणेपाच टन मका गुपचूप गायब होतो. दुसऱ्या एखाद्या कोनाला उत्तर इतकं विचित्र आलं असतं की चूक लगेच पकडली गेली असती. २२ लाच ती लपते. उपाय साधा: २२ आधी रेडियन्स या फंक्शनमध्ये घाला आणि मग टॅनला द्या.

माल काढायला सुरुवात झाली की शीग खचते आणि मधे खड्डा पडतो. भिंतीलगतचं रीडिंग २.६० मीटरच असेल, पण आता त्यात शंकू मिळवायचा नाही, वजा करायचा. कोन तोच धरला तर शीग आणि खड्डा यांत फरक साडेनऊ टनांचा, एका लहान ट्रकचा. त्यामुळे रीडिंगसोबत 'शीग, सपाट की खड्डा' हे लिहिणं रीडिंगइतकंच महत्त्वाचं.

यातून सुटायची एक सुंदर वाट आहे. शंकूचं आकारमान तेवढ्याच उंचीच्या नळकांड्याच्या एक तृतीयांश असतं. म्हणजे शीग हातानं पसरून सपाट केली तर माल भिंतीपाशी शिगेच्या उंचीच्या एक तृतीयांशानं वर चढेल. आता शिगेच्या उतारावर नेमकी एवढी उंची कुठे मिळते? मध्यापासून त्रिज्येच्या दोन तृतीयांश अंतरावर. खड्डा असला तरी हिशेब तोच, फक्त खालच्या बाजूनं. म्हणून ओळंबा भिंतीलगत न सोडता मध्यापासून दोन तृतीयांश अंतरावर सोडला, तर शीग असो, खड्डा असो की सपाट, मिळेल ती थेट सरासरी उंची. कोन नको, टॅन नको, मिळवणं-वजा करणं नको. आपल्या सायलोत ती जागा भिंतीपासून ८३ सेंटिमीटर आत येते. नवीन सायलो बसवत असाल तर फॅब्रिकेटरला मोजणीचं झाकण तिथेच ठेवायला सांगा. आधीच उभा असेल तर छतावर तेवढं भोक आणि रबरी झाकण करून घ्या. मध्यातून न भरता एका बाजूनं भरला जाणारा सायलो असेल तर मात्र हा नियम लागत नाही; तिथे चार ठिकाणी ओळंबा सोडून सरासरी घ्यावी.

आता घनता. इथं बहुतेक जण इंटरनेटवरचा आकडा डकवतात आणि सगळी मेहनत वाया घालवतात. मक्याची घनता जातीवर, तुटक्या दाण्यांवर, कचऱ्यावर, ओलाव्यावर बदलते. ती स्वतः काढायला पाच मिनिटं लागतात. एक मजबूत बादली घ्या. रिकामी तोला. काठोकाठ पाण्यानं भरून तोला. पाण्याचे किलो म्हणजे बादलीचे लिटर. आमच्या बादलीत १८.४ लिटर बसतं. मग ती पुसून, पूर्ण वाळवून, एकाच उंचीवरून मका ओता, शीग होऊ द्या, आणि लाकडी पट्टी एकदाच फिरवून शीग उतरवा. आपटायची नाही, हलवायची नाही, दाबायची नाही. आजी पायली भरताना हात आखडता घ्यायची की ठोकून भरायची, यावर माप बदलायचं, तेच इथं. १३.२ किलो मका भरला. १३.२ भागिले १८.४ म्हणजे ०.७१७, घनमीटरला ७१७ किलो. प्रत्येक गाडीचा नमुना असाच तोलून तारखेसकट लिहा आणि सायलोत जो माल आहे त्याची सरासरी घ्या.

बादलीतला मका मोकळा असतो, सायलोतला दबलेला. म्हणून खरं वजन बादलीच्या हिशेबापेक्षा काही टक्के जास्त भरतं. उंची दुप्पट झाली की दाब दुप्पट होत असेल असं वाटतं, पण तसं होत नाही. जान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्यानं १८९५ मध्ये धान्यावर प्रयोग करून दाखवलं की दाणे भिंतीला घासतात आणि वजनाचा बराच भाग भिंतच पेलते. माल ठरावीक उंचीच्या वर गेला की तळावरचा दाब फारसा वाढत नाही. पाण्याची टाकी आणि धान्याची टाकी यांत हा मूळ फरक आहे.

हा दबण्याचा गुणक कोष्टकात शोधू नका, आपल्याच सायलोकडून घ्या. वर्षातून एकदा सायलो पूर्ण रिकामा होणार असेल तेव्हा सुरुवातीला रीडिंग घ्या आणि निघणारा सगळा मका काट्यावर घालून मोजा. समजा शीटनं ९२.९ टन सांगितले आणि काट्यावर ९६.१ भरले. ९६.१ भागिले ९२.९ म्हणजे १.०३४. हा तुमच्या सायलोचा, तुमच्या मालाचा गुणक. दोन-तीन वर्षांत तो स्थिर होतो आणि मग शीटवर विसंबता येतं.

राहिलं पाणी. मी आधी ज्या मिलमध्ये होतो तिथला प्रसंग. पावसाळा उलटल्यावर नवा मका आला, १०० टन, ओलावा १७ टक्के. सायलोत भरला, पंख्यानं हवा खेळवली. माघात मोजणी झाली तेव्हा एक कणही काढलेला नव्हता, तरी शीटमध्ये ९०.७ टन आले. नऊ टनांहून जास्त तूट, दोन लाखांच्या पुढचा माल. सायलोची चावी ज्यांच्याकडे असायची ते ऑपरेटर, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, त्यांना ऑफिसात बोलावलं. अण्णा पंधरा वर्षांचे जुने. कुणी स्पष्ट काही म्हटलं नाही, पण प्रश्न विचारायची पद्धतच आरोप करून गेली. ते शिडीवर चढून परत परत ओळंबा सोडत राहिले आणि दर वेळी रीडिंग तेच येत राहिलं. रीडिंग बरोबरच होतं.

संध्याकाळी मी सूत्र उघडून बसलो तेव्हा टॅनच्या कंसातले २२ दिसले. ४.७ टन तिथे होते. उरलेल्या ४.६ टनांचं उत्तर मॉइश्चर मीटरनं दिलं: ओलावा आता १३ टक्के होता. १०० टनांत १७ टन पाणी म्हणजे कोरडा माल ८३ टन. हे ८३ टन बदलत नाहीत. ओलावा १३ वर आला की हेच ८३ टन एकूण वजनाचे ८७ टक्के होतात. ८३ भागिले ०.८७ म्हणजे ९५.४ टन. बाकीचं पाणी पंख्यानं हवेत गेलं. ओलावा चार टक्क्यांनी उतरला म्हणून वजनही चारच टक्के घटेल असं लोक धरतात, पण घट त्याहून थोडी जास्त असते. दुसऱ्या दिवशी अण्णांना ते दोन्ही आकडे दाखवले. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग एवढंच म्हणाले, "हे काल बघायला पाहिजे हुतं."

तेव्हापासून मी प्रत्येक शीटमध्ये 'कोरडे टन' असा वेगळा रकाना ठेवतो. आवक कोरड्या टनांत, जावक कोरड्या टनांत, मोजणीही कोरड्या टनांत. सूत्र एका ओळीचं: वजन गुणिले (१०० वजा ओलावा), भागिले १००. ९२.९ टन मका १३ टक्क्यांवर असेल तर कोरडे ८०.८ टन. असं केल्यावर पाणी हिशेबातून बाहेर पडतं आणि जी तूट उरते तिचाच विचार करावा लागतो: उंदीर, कीड, धूळ, गळती, काट्यातला फरक. आपल्या भागात हे विशेष लागू, कारण पश्चिमेला खानापूर-कणकुंबीकडे आषाढात हवा पाण्यानं जड असते आणि पूर्वेला अथणी-सौंदत्तीकडे कोरडी. एकाच जिल्ह्यातला मका दोन वेगळ्या वजनांनी दारात येतो.

बाकी शीट साधीच. एका पानावर सायलोंची कायमची मापं. दुसऱ्यावर मालाची घनता आणि तारीख. तिसऱ्यावर रोजची मोजणी. मालाचं नाव हातानं टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. आमच्या रजिस्टरमध्ये एकानं 'जोळ' लिहिलं होतं. कन्नडमध्ये जोळ म्हणजे आपला जोंधळा, आणि मका म्हणजे गोविनजोळ. घाईत मागचा शब्द खाल्ला गेला आणि मक्याची गाडी जोंधळ्याच्या खात्यात गेली. दोन्हींची घनता जवळपास सारखी, त्यामुळे वजनात काहीच खटकलं नाही. भाव लावताना उघडं पडलं. आता आमच्या यादीत प्रत्येक नाव मराठी आणि कन्नड दोन्हींत आहे.

आणि उत्तर लिहिताना '९२.८७ टन' असं लिहू नका. ओळंब्याची चूक सुमारे पाऊण टक्का, व्यासाची एक टक्का, घनतेची दोन, शिगेच्या आकाराची दोन. या सगळ्या एकाच दिशेला क्वचितच जातात, म्हणून त्यांची सरळ बेरीज करत नाहीत. वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर तीन टक्क्यांच्या जरा पुढे येतं. म्हणजे '९३ टन, तीन टन इकडे किंवा तिकडे'. मालकांना हे सुरुवातीला पटत नाही, त्यांना एकच आकडा हवा असतो. पण तीन टनांच्या आतली तूट दिसली तर कुणालाही ऑफिसात बोलवायचं कारण नाही, हे त्या 'इकडे-तिकडे'मुळेच सांगता येतं.

पेंड आणि कोंडा यांच्याबाबत सावध राहा. दमट हवेत त्यांचे गोळे होतात, हॉपरच्या तोंडावर कमान धरते, खालून माल निघतो आणि वरचा थर तसाच लटकून राहतो. ओळंबा वरच्या थरावर टेकतो, खाली पोकळी असते. माल निघतोय पण रीडिंग हलत नाही असं दिसलं की मोजणी थांबवा. अशा वेळी कुणालाही आत उतरवू नका. कमान पायाखाली फुटते, आणि वाहत्या धान्यात माणूस काही सेकंदांत इतका रुततो की स्वतःच्या बळावर निघत नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची धुरी दिलेली असेल तर मुदत संपून हवा खेळवेपर्यंत झाकणही उघडायचं नाही, फॉस्फीन वायू जीव घेतो. पावसात पायऱ्या निसरड्या असतात; शिडीवर कंबरेचा पट्टा लावल्याशिवाय रीडिंग नको. त्या दिवशीचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.

सायलो झाडून रिकामा होईल तो दिवस मात्र चुकवू नका. त्या दिवशी मोजणीत अंदाज नसतो, शून्य असतं. वहीत त्याच क्षणी जेवढे कोरडे टन शिल्लक दिसतील तेवढी तुमची खरी तूट. ती तारखेसकट लिहून ठेवा, शेजारी त्या हंगामाचा गुणक लिहा, आणि पुढची गाडी रिचवण्याआधी झाकणातून खाली एकदा टॉर्च मारून बघा.